महिन्यातले सोळा दिवस मागच्या खर्चासाठी: सोलापुरातल्या एका घराच्या हप्त्यांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात सुपरवायझर, हातात पगार २७,५००. पत्नी घरी टॉवेलच्या कडा शिवते, त्याचे महिना साधारण ५,५००. दोन मुलं, आई सोबत, घर आईच्या नावावर, म्हणजे भाडं नाही. क्रेडिट कार्डावर ६२,००० थकले आहेत. गाडीचा हप्ता ३,२५०, अजून १४ राहिले. मोबाइलचा २,०००, अजून ६. ॲपवरून घेतलेल्या कर्जाचा ३,४००, अजून १०. बहिणीच्या लग्नासाठी काढलेलं पतसंस्थेचं कर्ज, बाकी १,२०,०००, हप्ता ४,७००. शिवाय ओळखीच्या एकाकडून शेकडा पाचनं घेतलेले २०,०००. ते पत्नीला माहीत नाहीत. आता एका फायनान्सचा माणूस म्हणतोय की सगळं मिटवून ४ लाखांचं एकच कर्ज देतो, पाच वर्षं, हप्ता १०,६००. "घेऊ का? दर महिन्याला भरतोय तरी आकडा कमी का होत नाही? आणि साधं राहा असं सगळे सांगतात, पण चारचौघांत राहायचं तर ते जमतं का?"

घेऊ नका. कारण पुढे मांडतो, पण उत्तर आधीच सांगितलेलं बरं, कारण तो माणूस या आठवड्यात सही घ्यायला येणार असं तुम्ही लिहिलं आहे.

मी सोलापुरात एका पतसंस्थेत चोवीस वर्षं काम केलं, आधी कर्जविभागात आणि शेवटची नऊ वर्षं वसुलीला. लोकांच्या दारात उभं राहून हप्ता मागितलेला माणूस आहे. निवृत्त झाल्यापासून घरोघरचे हिशोब मांडून देतो. तुमच्यासारखा कागद महिन्याला पाच-सहा वेळा तरी समोर येतो, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. पगार वाईट नसतो, व्यसन नसतं, तरी घर अडकलेलं असतं.

आधी कार्ड. तुम्ही महिन्याला ३,१०० भरता, म्हणजे बिलावर 'मिनिमम ड्यू' म्हणून छापलेली पाच टक्के रक्कम. तुमच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के आहे. ६२,००० वर व्याज झालं २,१७०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९०. भरलेल्या ३,१०० पैकी २,५६० इथेच गेले. मुद्दलातून वजा झाले फक्त ५४०. आता घरखर्चाकडे या. तुम्हीच दिलेली यादी: किराणा ५,५००, दूध १,८००, भाजी १,८००, गॅस ९००, वीज १,१००, पेट्रोल २,०००, तीन मोबाइलचे रिचार्ज ९००, शाळा आणि रिक्षा ३,२००. बेरीज १७,२००. दोघांची कमाई ३३,०००, त्यातून सगळे हप्ते आणि ते शेकडा पाचचं व्याज मिळून १७,४५० जातात, हातात उरतात १५,५५०. म्हणजे १,६५० कमी पडतात. ते कुठून येतात? कार्डावरून. एका हातानं ५४० फेडता आणि दुसऱ्या हातानं १,६५० नवे उचलता. शिवाय मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, स्वाइप केल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. आकडा कमी होणारच नव्हता. आणि या यादीत बाहेरचं खाणं कुठेच दिसत नाही. पहिल्यांदा कागदावर खर्च लिहिणारा माणूस ते हमखास विसरतो, म्हणून खरी तूट १,६५० पेक्षा मोठी असणार असं मी धरून चालतो.

सतरा हजार चारशे पन्नास म्हणजे तुमच्या घरच्या कमाईचा निम्म्याहून जास्त हिस्सा. दिवसांत सांगायचं तर महिन्यातले सोळा दिवस तुम्ही दोघं झालेल्या खर्चासाठी राबता, आणि उरलेल्या चौदा दिवसांच्या कमाईवर पाच माणसं जगतात. हे वाक्य मी प्रत्येकाला त्याच्या आकड्यांनिशी लिहून देतो आणि देव्हाऱ्याजवळ लावायला सांगतो.

आता ते २०,०००. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. महिन्याला हजार रुपये, आणि तुम्ही बावीस महिने भरताय असं लिहिलंय. बावीस हजार देऊन झाले, मुद्दल होतं तिथेच. हा व्यवहार आपल्या भागाला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली, ते लोण आजूबाजूला पसरलं, आणि त्यातून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. तो ज्या चार जिल्ह्यांसाठी केला त्यात पुणे, सातारा, अहमदनगर यांच्याबरोबर आपलं सोलापूर होतं. त्या कायद्यातली मला सगळ्यात शहाणी वाटणारी गोष्ट अशी की कोर्टानं नुसता सही केलेला कागद पाहून थांबायचं नाही, मूळ कर्ज किती होतं, किती दिलं, किती घेतलं, हा सगळा इतिहास उलगडून बघायचा. तुम्हीही तेच करा. तारीखवार बावीस ओळी लिहा, फोनवरून पाठवलेले पैसे असतील तर त्या नोंदी काढा. आजच्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालाही बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची असते. तरी माझा सल्ला आहे की आधी भांडू नका. मुद्दल एकरकमी द्या, त्याच्याकडे असलेला तुमचा कोरा चेक त्याच क्षणी परत घ्या, आणि "सर्व रक्कम मिळाली" असं तारखेसह लिहून घ्या. चेक द्यायला टाळाटाळ केली तर मग तुमच्या बावीस ओळी घेऊन सरळ त्या कार्यालयात जा.

आता ४ लाखांचं कर्ज. तुमची सगळी बाकी मी मांडली: कार्ड ६२,०००, गाडी साधारण ४१,०००, मोबाइल १२,०००, ॲप ३०,०००, पतसंस्था १,२०,०००, हातउसने २०,०००. एकूण २,८५,०००. मग तो ४ लाख का देतोय? वरचे १,१५,००० "घराचं काम काढा" म्हणून. महिन्याचं देणं १७,४५० वरून १०,६०० वर येतं म्हणून जीव सुखावतो, पण १०,६०० गुणिले ६० केलं की ६,३६,००० होतात. व्याजच २,३६,०००. हा दर वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास पडतो. त्या पैशांतून तुम्ही पतसंस्थेचं १४ टक्क्यांचं कर्ज मिटवणार. स्वस्त कर्ज फेडायला महाग कर्ज. गाडीचंही तसंच. ते १० टक्के फ्लॅट होतं, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच, त्यामुळे खरा दर १८ च्या घरात. पण त्यातलं बरंचसं व्याज तुम्ही पहिल्या बावीस महिन्यांत भरून बसलात. उरलेले चौदा हप्ते गुपचूप भरणं सोपं. प्रोसेसिंग फी दोन टक्के धरली तर ८,००० आणि त्यावर जीएसटी १,४४०, शिवाय विम्याचा हप्ता, हे तुमच्या हातात येण्याआधीच कापलं जाईल.

आणि साठ महिने म्हणजे किती मोठा काळ, याचा विचार करा. तुमचा पगार टॉवेलच्या ऑर्डरवर आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं, तेव्हा ओव्हरटाइम बंद झाला असं तुम्हीच लिहिलंय, आणि पाहा, ॲपचं कर्ज त्यानंतरच्याच महिन्यातलं आहे. माझे वडील गिरणी कामगार. नव्वदच्या दशकात इथल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा आमच्या चाळीत मी पाहिलं की पगार कोणाचा किती होता यानं फरक पडला नाही. महिन्याचं बांधलेलं देणं ज्यांचं कमी होतं, ती घरं दुसरं काम मिळेपर्यंत तग धरून राहिली.

सगळी कर्जं एकत्र करणं वाईटच असं मी म्हणत नाही. कार्ड, ॲप आणि हातउसने एवढ्याच १,१२,००० साठी, दोन वर्षांत फिटेल असं, कमी दराचं कर्ज मिळालं असतं तर मी घ्या म्हणालो असतो. पण तुमच्या घरात त्याहून स्वस्त वाट आहे. तुमच्या मिसेसच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या.

हे लिहिताना मला जड जातं, कारण बाईच्या अंगावरचं सोनं मागणं सोपं नसतं, आणि तुम्ही तर तिच्यापासून एक कर्ज लपवलंय. म्हणून आधी ते सांगा. आजच. वसुलीच्या नऊ वर्षांत मी जी घरं खरोखर मोडताना पाहिली, तिथे रक्कम मोठी नव्हती. बायकोला दारात आलेल्या माणसाकडून कळलं होतं. तुम्ही स्वतः सांगितलंत तर राग होईल, दोन दिवस अबोला होईल, पण हिशोबाला दोघं बसाल.

मग राष्ट्रीयीकृत बँकेत सोनेतारण. महिना एक टक्क्याच्या आसपास व्याज पडतं. पाटल्यांवर जास्त मिळत असेल तरी ८२,००० च घ्या, वर एक रुपया उचलू नका. त्यातून कार्ड आणि हातउसने एकाच दिवशी मिटवा. आज या दोघांचं व्याज महिन्याला ३,५६० जातं, ते पहिल्याच महिन्यात ८२० वर येईल. कार्ड मिटल्याबरोबर ते बंद करायचा लेखी अर्ज द्या; बाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. हे टाळू नका. कार्ड चालू ठेवलं तर वर्षभरानं सोनंही बँकेत आणि कार्डही भरलेलं, अशी अवस्था मी पुष्कळ वेळा पाहिली आहे.

आज कार्डाला आणि त्या माणसाला जाणारे ४,१०० तसेच सोनेतारणात भरत राहा. सहा महिन्यांनी मोबाइलचा हप्ता सुटेल, ते २,००० त्यातच घाला. दहाव्या महिन्यात ॲप संपेल, तेही ३,४०० त्यातच. मी ओळीनं मांडून पाहिलं, पंधराव्या महिन्यात पाटल्या घरी येतात. मधे बारा महिन्यांनी नूतनीकरण करावं लागेल, ती तारीख कॅलेंडरवर आताच लिहा. गाडीचा शेवटचा हप्ता चौदाव्या महिन्यात. त्यानंतर तुमच्या घरातून महिन्याला फक्त पतसंस्थेचे ४,७०० जातील, आणि तेही सोळा-एक महिने. फायनान्सवाल्याच्या कागदावर त्या दिवशी पंचेचाळीस हप्ते बाकी असते.

हे सगळं जमायला एकच अट आहे: ती दरमहाची तूट मिटली पाहिजे. इथे तुमचा तिसरा प्रश्न येतो.

साधं राहणं म्हटलं की लोक जेवणावर येतात. दूध कमी करतात, डाळ पातळ करतात. ते करू नका. ज्वारीही आता स्वस्त राहिलेली नाही, त्यामुळे 'भाकरी-चटणी खाऊन राहा' हा सल्ला देणाऱ्यानं अलीकडे बाजार केलेला नसतो. मुलांचं दूध, आईची औषधं, डाळ, शेंगा यांना हात लावायचा नाही. आईची पेन्शन औषधांना जाते ती तशीच जाऊ द्या.

एक गोष्ट सांगतो. जुळे सोलापुरातल्या एका घरी हिशोब मांडायला गेलो होतो. दिवाळीत फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेतलेलं, शून्य डाउन पेमेंट, हप्ता १,८००. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे घेताना कोणाच्या लक्षात आलं नाही. मशीनला वरून धारेचं पाणी लागतं, म्हणून गच्चीवर टाकी आली, टाकीसाठी मोटर आली, प्लंबरचं काम आलं. ते १४,००० कार्डावर. मी गेलो तेव्हा मोटर बिघडलेली होती. मशीनवर चादर अंथरलेली, तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा, आणि त्या बाई मोरीत बसून कपडे धूत होत्या. हप्ते अजून अकरा होते. तेव्हापासून मी कोणालाही 'ही वस्तू परवडते का' असं विचारत नाही. तिच्यामागून घरात आणखी काय काय येणार, ते आधी लिहायला लावतो.

तुमच्या घरात अशी वस्तू गाडी आहे. कारखान्याची बस तुमच्या नाक्यावरून जाते असं तुम्ही लिहिलंय. बसनं गेलात तर पेट्रोलचे निदान हजार वाचतात. किराणा रोज कोपऱ्यावरून पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत येत असेल तर तो महिन्याचा एकदम मंगळवार पेठेतून आणा, भाजी आठवड्यातून दोनदा लक्ष्मी मार्केटमधून. दोन्ही मिळून पाचशे-सहाशेचा फरक पडतो, हे मी माझ्या घरात करून पाहिलंय. आईंच्या फोनला इंटरनेट लागत नाही, तिथे थोडे वाचतात. झाले की १,६५० च्या जवळपास. बाहेरच्या खाण्याला महिन्याचा आकडा ठरवून द्या, सातशे म्हणा, आणि तो रोख पाकिटात ठेवा. बंद करू नका. जानेवारीत मुलांना सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावर न्या, पाळण्यात बसवा. मुलांना सगळंच नाकारणारं घर चार महिन्यांत कंटाळतं आणि मग एका रविवारी दुप्पट खर्च करून येतं.

खर्च लिहायचं काम मिसेसकडे द्या. याला कारण आहे. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एकदा थकलेल्या दोन हप्त्यांसाठी एका बाईंकडे गेलो होतो. कर्ज त्यांचं नव्हतं, दिराला जामीन राहिल्या होत्या. मला ओट्यावर बसवलं, पण हात थांबवले नाहीत. मांडीवर सूप, पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, वळून दोरा. पंचवीस झाल्या की कट्टा बांधून बाजूला. बोलता बोलता त्यांनी सूपातल्या कट्ट्यांकडे बोट करून सांगितलं की एवढे मुलीच्या फीचे, एवढे किराण्याचे, हे दोन दवाखान्याचे, आणि तुमच्या हप्त्यासाठी रात्री दिवा लावून अजून इतक्या वळाव्या लागतील. सगळा संसार त्यांना विड्यांच्या मोजणीत पाठ होता. सहा आठवड्यांत त्यांनी ते हप्ते भरले. मी पुष्कळ पगारदारांच्या घरी बसलो आहे, पण आपला कोणता रुपया कुठे जातो हे इतकं नेमकं सांगणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. तुमच्या मिसेसही नगावर काम करतात. एक टॉवेल शिवायला किती वेळ लागतो हे त्यांना माहीत आहे. वही त्यांच्याच हातात शोभेल. (आणि हो, या पंधरा महिन्यांत कोणालाही जामीन राहू नका. अगदी सख्ख्या भावालाही.)

चारचौघांचं म्हणाल तर तुमची अडचण मला कळते. पुण्याला गेलेले मित्र दिवाळीत येतात, त्यांच्या हातातले फोन, मुलांचे बूट दिसतात. पण ते तिकडे पगारातला मोठा हिस्सा भाड्यात घालतात, आणि तुमच्याकडे भाडं नाही, शाळा जवळ आहे, आई मुलांजवळ आहे. सोलापूरच्या पगाराला सोलापूरचा खर्च लावला तर हे शहर अजून माणसाला जगू देतं. बहिणीच्या लग्नाला तुम्ही दीड लाख काढलेत, त्यातले किती मांडव आणि जेवणावळीत गेले ते तुम्हाला माहीत आहे. आलेल्यांपैकी कोणी आज तुमचे ४,७०० भरायला येत नाही. लोक बोलतात ते दोन दिवस, आणि ती पंचवीस-तीस माणसं असतात. तुम्ही बसनं जायला लागलात की पहिल्या आठवड्यात कोणीतरी 'गाडी विकली काय मालक?' असं विचारेल. 'विकली नाही, बसनं परवडतं' एवढंच सांगा. मी स्वतः वर्षानुवर्षं हेच उत्तर दिलं आहे आणि त्यानं माझ्या मुलीच्या लग्नाला एक माणूस कमी आला नाही.

ॲपवाल्यांचे फोन येतात असं लिहिलंय. हप्ता वेळेवर जात असेल तर यायचं कारण नाही. उशीर झाला तरी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना फोन लावून बदनामी करायची नाही, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. फोन आला की तारीख-वेळ टिपून ठेवा. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा क्रमांक १४४४८.

आणि तो फायनान्सचा माणूस सहीला आला की त्याच्याशी वाद घालू नका. फक्त 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जासाठी ते देणं बंधनकारक आहे, आणि त्यात फी, विमा, सगळं धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो. तो कागद, सहाही कर्जांच्या पावत्या आणि तुमच्या बावीस ओळी एका पिशवीत घालून ठेवा. सोनेतारणाला जाण्याआधी मिसेसना घेऊन एकदा माझ्याकडे येऊन जा, रविवारी दुपारपर्यंत मी घरी असतो. येताना पाटल्या आणू नका, वही आणा.